माझा काटा वाचा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात तराजूशेजारी टिकटिकणारा हा जुना करडा डबा म्हणजे मी, किरणोत्सार मोजणारा मापक. पूर्ण शांतता मला ठाऊक नाही. माती, दगड, आकाश, सगळीकडून थोडे किरण येतच असतात. त्यामुळे स्वच्छ खोलीतही मी अधूनमधून टिकटिकतो.

माझी उमेदीची वर्षे अणुवीजकेंद्रात गेली. नवा होतो तेव्हा माझे कौतुक झाले. पुढे माझी कटकट वाटू लागली. एका दुपारी माझी टिकटिक एकाएकी वाढली.

"परवाही हा असाच उगाच बोंबलला होता," पाळीप्रमुख म्हणाले. "काढ रे त्याच्या कर्ण्याची तार. डोकं उठवलंय नुसतं!"

तार निघाली. माझ्या तबकडीवरचा काटा चढतच होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी कमी होत होते. सावध होण्यासाठी मिळालेली ती दुपार वाया गेली आणि संध्याकाळी स्फोटाने भट्टीचे छप्पर उडाले.

माझी तार पुन्हा जोडली गेली ती बसच्या दारात, गाव सोडणाऱ्यांना तपासण्यासाठी. "दोन दिवसांत येऊच की परत," असे म्हणत माणसे दूध झाकून, दारे ओढून निघाली होती. ते गाव अजून बंद आहे.

पुढे मी या शाळेत आलो. त्याच गावची एक मुलगीही इथे आली. तिच्या बाकावर कोणी बसेना. तिच्यामुळे आपल्यालाही किरण लागतील, अशी वर्गाची समजूत होती. शेवटी विज्ञानाच्या बाईंनी मला तिच्यासमोर धरले. मी टिकटिकलो.

"बघा, वाजला! मी म्हणत नव्हते?" पुढच्या बाकावरची एक मुलगी ओरडली.

"आधी काटा वाच," बाई म्हणाल्या. त्यांनी मला रिकाम्या बाकावर धरले, काटा तेवढाच. दाराच्या दगडी पायरीवर धरले. काटा थोडा वर सरकला.

"आता काय करायचं? पायरीचं नाव शाळेतून काढायचं?"

वर्ग हसला. ओरडणारी मुलगी दप्तर घेऊन उठली. "सरक ना जरा. सगळा बाक तुझाच आहे का?"

बंद गावची मुलगी सरकली. तास संपल्यावर मात्र तिने बाईंना हळूच विचारले, "बाई, ह्याला एकदा आमच्या गावच्या घरी नेऊन बघू या?"

बाईंनी मला कपाटात ठेवले. तिथे माझी टिकटिक सुटी ऐकू येणार नाही, तिची एक सलग करकर होईल, हे त्यांनाही ठाऊक होते.

मित्रांनो, माझ्या आवाजाला घाबरू नका, त्यावर चिडूही नका, काटा वाचा. माझे सेल वेळेवर बदला. आणि मी कधी अगदीच गप्प झालो, तर ते चांगले लक्षण समजू नका.