बोटांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना रेल्वेचा डबा आहे. माझ्यात कधी प्रवासी बसले नाहीत की कधी माल भरला गेला नाही. माझ्या छपरावर आणि दोन्ही बाजूंना शंभराहून जास्त लोखंडी दांड्या आहेत. यार्डात बावीस वर्षं उभा राहून मी स्वतःविषयी नाही नाही ते ऐकलं. कुणी म्हणे झाडं छाटायचं यंत्र, कुणी म्हणे कपडे वाळत घालायची सोय.

मग एक दिवस मला मोडीत काढायचा कागद निघाला. गॅसकटरवाला सिलिंडर घेऊन हजर झाला. माझं तर धाबंच दणाणलं. पण यार्डाच्या इंजिनिअर बाई सहीला अडून बसल्या. "हा कशासाठी बनवला ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी जुन्या फायली पालथ्या घातल्या, हाती काही लागलं नाही. तरी हट्ट सोडला नाही. त्या बाईंचं मला फार कौतुक वाटलं.

शेवटी गॅसकटरवालाच म्हणाला, "माझ्या सासऱ्यांना विचारू का? ते बोगद्यांच्या कामावर होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे काठी टेकत आले. त्यांनी माझी एक दांडी ढकलली. ती बिजागरीवर मागे वळली आणि तशीच राहिली.

"बाई, ही याची बोटं. बोगद्यात जिथे दगड पुढे आलेला असेल, तिथे बोट मुडपतं. किती मुडपलं ते मोजायचं, म्हणजे मोठी गाडी घासेल का ते कळतं."

मग ते स्वतःशीच हसले. "नवीन लागलो तेव्हा मोजायच्या आधीच मी सगळी मुडपलेली बोटं सरळ करून, तेलपाणी करून ठेवली. म्हटलं, साहेब शाबासकी देतील. दिवसभराची मोजणी पाण्यात गेली. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, चला, पुन्हा जाऊ."

बाईंनी तो कागद सही न करताच परत पाठवला. "आजोबा, डोंगरातल्या मार्गावर पुढच्या महिन्यात उंच डबे धावणार आहेत. आम्हाला मोजायला शिकवाल?"

जावयाचा हात धरून आजोबा माझ्यात चढले. इंजिन जोडून मला डोंगरातल्या बोगद्यांतून नेलं. त्या फेरीत माझी तीन बोटं मुडपली. तिथला दगड फोडला आणि उंच गाडी सुखरूप गेली.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू ओळखू आली नाही, तर तिच्यासोबत राबलेल्या माणसाला जाऊन विचारा. मात्र लवकर जा. मी लोखंडाचा आहे, अजून पन्नास वर्षं वाट पाहीन. आजोबा नाही पाहू शकणार.