झोळीचं पुढचं टोक

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते, हे तळोद्याकडच्या गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गळ्यात वीणा घालून पहाऱ्याला उभं राहायचं, नाम घ्यायचं, आणि पुढचा माणूस आला की एकमेकांच्या पाया पडून ती त्याच्या गळ्यात द्यायची. तो आलाच नाही तर पाय सुजले तरी उभं राहायचं.

दोधूआबांनी यंदाचा पहिला पहारा आपल्या मुलासाठी, हेमकांतसाठी, मागून घेतला होता. हेमकांत तुरुंगातून सुटून आला त्याला दोन-तीन महिने झाले होते. धडगावच्या घाटात त्याची जीप उलटली होती आणि तिच्यात बसलेल्या आमशा पावरा नावाच्या माणसाचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. कोर्टानं शिक्षा दिली, त्यानं ती भोगली. पण गावात मात्र एकच गोष्ट चालायची, ती म्हणजे ब्रेक फेल झाला. ती दोधूआबांनीच पहिल्यांदा सांगितली होती. मग सगळे सांगू लागले, आणि हेमकांत गप्प राहिला.

"येकदाव ईना गयामा पडनी का लोके बठ्ठं इसरी जातीन," आबा आदल्या संध्याकाळी अहिराणीत म्हणाले. "व्हयनं ते तापीमायना पोटमा गयं."

आई, दगूबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "तापीमायनं पोट भलतं मोठं शे. तुम्हनं बी बठ्ठं तठेच जास." आबा नको ते सगळं तापीत सोडतात, हे तिला माहीत होतं.

सकाळी मंडपात टाळकरी उभे होते. नवनीत महाराजांनी वीणा हातात घेतली आणि हेमकांतला पुढे बोलावलं. तो आला, मान वाकवली आणि तसाच थांबला.

"महाराज, बिरेक चांगला व्हता," तो म्हणाला. "मी दारू पिधी व्हती."

टाळ थांबले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हाई सांगानी जागा शे का?" दोधूआबा मंडपाच्या खांबाकडे पाहत राहिले. बापाला आपण सगळ्यांसमोर उघडं पाडलं, हे हेमकांतला कळलं, पण शब्द निघून गेले होते.

महाराजांनी वीणा आपल्याच गळ्यात घातली. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, "जागा बरोबर आहे. पण हे आम्हाला सांगून आमचं काय जातं? तुझी जीप काही माझ्यावर उलटली नव्हती. ज्याच्यावर उलटली त्याला सांगितलंस?"

"नही."

"मग इथं कशाला उभा? पहारा मी करतो."

कीर्तनात महाराज तास तास बोलत, पण कामाचं एवढंच बोलले.

हेमकांत दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून घाट चढला. ड्रायव्हर त्याचा जुना सोबती होता, अपघाताच्या वळणावर त्यानं गाडी जरा हळू घेतली. रस्त्यापासून आमशाचा पाडा बराच वर होता. निसरड्या मुरमाची पायवाट. दोन पाय असलेल्या माणसाचीही दमछाक करणारी.

आमशा ओट्यावर बसून कैऱ्यांच्या फोडी करत होता. आमचूर वाळायला घातला होता, त्याचा आंबूस वास अंगणभर पसरलेला. सोनीबाईनं, त्याच्या बायकोनं, हेमकांतला ओळखलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"कशाला आला?"

हेमकांतनं सांगितलं. दारूचं सांगितलं, गावात ब्रेकची गोष्ट चालू दिली तेही सांगितलं. आमशानं फोडी करणं थांबवलं नाही.

"मला काय सांगतो? मी तुझ्या शेजारीच बसलो होतो ना. वास मला आला होता." तो बाजारात बोलायचं ते मराठी बोलत होता. "बोललो असतो उतरव म्हणून. पण बाजाराला उशीर होत होता. तेवढी माझी चूक."

"तुझी काय चूक?" सोनीबाई म्हणाली. "उगाच वाटून घेऊ नको. त्याची त्याला राहू दे."

हेमकांत म्हणाला, "मी काय करू, ते सांगा."

आमशा हसला. "पाय आण." मग सुरी पुसत म्हणाला, "बाजार नाही बघितला तेव्हापासून. कुबडी मुरमावर ठरत नाही. झोळी करावी तर माणसं मजुरीला गुजरातेत. एकटा दलसिंग उरलाय शेजारी. बाजारात बसायचं, चार माणसांशी बोलायचं, भाव काय चाललाय बघायचं. इथं बसून मला वीट आला."

आजारी माणसाला डोंगरातून खाली न्यायचं तर बांबूला चादर बांधून झोळी करतात. दोन टोकांना दोन खांदे. उतारावर सगळा भार पुढच्या खांद्यावर येतो, आणि तो घसरला की झोळी घसरते.

"खांदा देतो," हेमकांत म्हणाला.

"मेल्यावर सगळेच देतात," आमशा म्हणाला. "बघू, जिवंतपणी किती दिवस देतो."

सोनीबाई म्हणाली, "मागचं टोक धर. पुढं दलसिंगच राहील."

तसंच ठरलं. हेमकांत धडगावात एका पंक्चरच्या दुकानात कामाला लागला, मागच्या खोलीतच राहू लागला. लायसन गेलेलं, स्टेअरिंगचं नाव त्यानं स्वतःच टाकलं. बाजाराच्या दिवशी भल्या सकाळी वर जायचं, झोळी खाली आणायची, संध्याकाळी वर न्यायची. चढताना मागचा भार त्याच्यावर येई, तेव्हा आमशा झोळीतून म्हणे, "का रे, गिअर पडत नाही का?" उतरताना म्हणे, "ब्रेक बघून घेतला ना?" पहिले काही बाजार हेमकांतला ते लागलं. पुढे तो म्हणू लागला, "बघितला. पाणी पिऊनच निघालोय."

सोनीबाई हसत नसे. ती झोळीच्या बाजूनं चालायची, नजर त्याच्या पायांवर.

पुढच्या वर्षी सप्ताह आला तेव्हा आबांचा फोन आला. मंडपातल्या त्या सकाळनंतर ते लेकाशी फोनवरही जेवणाखाणापलीकडे बोललेच नव्हते.

"महाराज सांगतस, ह्या साले पहिला पहारा तुन्हाच," आबा म्हणाले. "येशी ना?"

"त्या दिवशी बाजार शे, आबा."

फोनमधला लाऊडस्पीकरचा आवाज लांब गेला; आबा मंडपाबाहेर आले होते.

"मंग जाय तू," आबा म्हणाले. "तुन्हा पहारा मी करस." आणि वर, "लोके इचारतीन ते सांगसू. तू कोठे गया ते खरं सांगसू."

त्या सकाळी हेमकांत पाड्यावर पोचला तेव्हा अंगणात झोळी बांधून तयार होती, पण दलसिंग नव्हता. तोही टोळीबरोबर गुजरातेत गेला होता. आमशा झोळीत बसून, नव्या टोपीनिशी, वाट पाहत होता. हेमकांतनं सवयीनं मागच्या टोकाकडे पाऊल टाकलं.

सोनीबाईनं लुगड्याचा कासोटा खोचला, डोक्यावरच्या फडक्याची चुंबळ करून खांद्यावर ठेवली आणि मागचं टोक उचललं.

"पुढं हो," ती म्हणाली.

आमशानं चादरीच्या कडा घट्ट धरल्या. "ब्रेक?" त्यानं विचारलं.

हेमकांतनं चपला काढून ओट्याखाली ठेवल्या, बांबू खांद्यावर घेतला, आणि अंगठा मुरमात रोवून पहिलं पाऊल खाली टाकलं.