चौथे कलम आणि उजवा पाय

'सदर मोटारसायकलीचे मूळ इंजिन काढून त्या जागी अलीकडील बनावटीचे इंजिन बसविण्याचे कृत्य वडीगोद्री येथील मिस्त्री गुलाम नबी यांनी, वाहन दुरुस्तीस ठेवलेले असताना, परस्पर केले असून वाहनधारकास सदर बदलाची यत्किंचितही कल्पना नव्हती.'

जालन्यात जुन्या वाहनांच्या हौशी मालकांचे एक मंडळ आहे. त्या मंडळाने नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीच्या अहवालाचे हे चौथे कलम. अध्यक्षांची आणि चिटणिसांची सही झालेली होती. तिसरी रेघ रिकामी होती, आणि तिच्याखाली प्रा. प्रभावतीबाईंचे नाव छापलेले होते.

प्रभावतीबाईंनी हयातभर इतिहास शिकवला आणि निजामी अमलातली महसुली दप्तरे चाळली. कागद खोटे बोलतो तेव्हा तो फार सफाईने बोलतो, हे त्यांना त्या दप्तरांनी शिकवले होते. या कलमात तर सफाईसुद्धा नव्हती. गाडी मिस्त्रीकडे तीन दिवस होती, तीही कार्बोरेटर साफ करायला. जुन्या चेसीत नवे इंजिन बसवायचे तर चेसी कापावी लागते, पट्ट्या जोडाव्या लागतात, रंग पुन्हा मारावा लागतो. हे अहवालाच्याच दुसऱ्या कलमात लिहिलेले. म्हणजे दुसऱ्या कलमाने चौथ्याचा गळा धरला होता, आणि अध्यक्षांनी दोघांखाली एकच सही ठोकली होती. सोबत पाच जबान्या जोडलेल्या. पाचही मंडळाच्या सभासदांच्या. ज्याच्यावर आरोप त्याची जबानी नाही. कारण दिले होते: 'आवश्यकता भासली नाही.'

या शेवटच्या वाक्याखाली बाईंनी पेन्सिलीने रेघ मारली. न विचारण्याच्या या दोषात थोडा वाटा त्यांचा स्वतःचाही होता. गाडी राधेश्यामरावांची, बियाण्यांचे मोठे व्यापारी. शुद्ध वाणाची हमी देणारे त्यांचे फलक अर्ध्या जिल्ह्यात उभे आहेत. एकसष्ट सालची ती बुलेट गेल्या हिवाळ्यात प्रदर्शनात मांडली, तेव्हा तिच्यासमोरचा माहितीफलक बाईंनीच लिहिला होता: 'प्रत्येक सुटा भाग मूळचा.' कमरेत वाकून इंजिनाकडे पाहण्याचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. मालकाने सांगितले आणि विदुषीने अलंकृत भाषेत उतरवून घेतले. पुढे जालना ते जांब समर्थ अशी जुन्या गाड्यांची फेरी निघाली. तीत नाशिकहून आलेला एक पाहुणा मात्र वाकला, इंजिनावर बोट फिरवून त्याला लागलेली काजळी पाहून हसला, आणि 'मूळ रूपातील सर्वोत्तम वाहन' हा मान राधेश्यामरावांच्या हातून निसटला. येत्या वर्षी ते मंडळाचे अध्यक्ष व्हायचे होते. तेव्हा कोणीतरी चोर सापडणे निकडीचे झाले.

सही करण्याआधी बाई एस.टी.ने वडीगोद्रीला गेल्या. हायवेच्या कडेला नबीभाईंचे दुकान. पत्र्याखाली सात-आठ गाड्या पोटे उघडून पडलेल्या. एक तर लांबच्या धावडा गावाहून आलेली, महिनाभर तिथेच. त्या दुकानात पावती म्हणून काही नसते. माणूस गाडी लावतो, किल्ली खिळ्याला अडकवतो आणि निघून जातो. इंजिनाचा कण न् कण मिस्त्रीच्या हवाली. चाळीस वर्षे हा धंदा एवढ्यावर चाललेला. बाई आल्या त्या दिवशी खिळ्यावरच्या दोन किल्ल्या मालकांनी येऊन नेल्या होत्या. इंजिने उघडीच होती; त्यांनी ती पोत्यात भरून नेली. अहवालावर अजून तिसरी सही व्हायची होती, पण मजकूर आधीच गावोगाव पोचला होता.

नबीभाईंनी तक्रार केली नाही. बाईंना स्टूल दिले, चहा सांगितला. राधेश्यामराव पाऊण वर्षापूर्वी आल्ते, नवं इंजिन बसवून दे म्हणाले, आपण नको म्हणालो, एवढेच त्यांनी सांगितले. का नको, असे बाईंनी विचारले. तेव्हा समोरच्या एका जुन्या गाडीच्या पितळी नळीवरून फडके फिरवत ते म्हणाले, "बसतंय की बाई, न बसायला काय झालं. पण मंग ती गाडी राहत न्हाई. टाकी राहती, सीट राहती. बुढ्या माणसाच्या अंगात पोराचं काळीज घालून त्याला बुढाच म्हणायचं, हे मला न्हाई जमत."

मग त्यांनी बाईंना त्या गाडीवर बसायला लावले. चौसष्टाव्या वर्षी, सुती साडीत, बाई बसल्या. नबीभाईंनी त्यांचा उजवा पाय एका दांडीवर ठेववला आणि डावा दुसरीवर. "हा गिअर. हा बिरेक. जुन्या गाडीला असंच. नव्या इंजनाला बराबर उलटं, गिअर डाव्या पायात, बिरेक उजव्या. इंजन बदललं की दोन्ही पायाचं काम बदलतं."

बाईंनी दोन्ही दांड्या आळीपाळीने दाबून पाहिल्या. चहा आला, तोही त्यांनी गाडीवर बसूनच घेतला.

रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात सभा भरली. पंधरा-वीस सभासद, पोहे, आणि अध्यक्षांचे एक लांबलचक भाषण, ज्यात 'विश्वासघात' हा शब्द सहा वेळा आला. राधेश्यामराव पहिल्या रांगेत दुखावलेल्या माणसाचा चेहरा करून बसले होते. त्या चेहऱ्याइतके किळसवाणे काही बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. अध्यक्षांनी अहवाल पुढे सरकवला. बाईंनी पेनाचे टोपण काढले आणि ते हातातच ठेवून म्हणाल्या, की सहीपूर्वी वाहनधारकाला तीन प्रश्न विचारायचे आहेत, आणि उत्तरे चिटणिसांनी शब्दशः इतिवृत्तात घ्यावीत.

"राधेश्यामराव, जांबच्या फेरीत तुम्ही ही गाडी स्वतः चालवलीत?"

"मंग काय म्याडम, जाऊन-येऊन. दुसऱ्याच्या हाती देत न्हाई मी."

"वाटेत अंबडच्या चौकात गर्दी होती. ब्रेक कोणत्या पायाने दाबलात?"

"ह्या. उजव्या." त्यांनी पाय जमिनीवर आपटूनही दाखवला.

मागच्या रांगेत कोणीतरी पोह्यांची बशी खाली ठेवली. पन्नास वर्षे जुनी बुलेट चालवणारे तिथे निदान चार जण होते, आणि चौघांनीही एकमेकांकडे न पाहता आपापल्या डाव्या पायाकडे पाहिले. बाईंनी खुलासा केला तो अध्यक्षांसाठी, कारण अध्यक्षांकडे फक्त जुनी मोटार होती. एकसष्टच्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला असतो. ज्याच्या गाडीचा ब्रेक एका पायाखालून दुसऱ्या पायाखाली गेला, आणि जो तिच्यावरून जांबपर्यंत जाऊन सुखरूप परतला, त्याला बदलाची यत्किंचितही कल्पना नव्हती, असे या अहवालाचे म्हणणे आहे. शिवाय नव्या इंजिनाला कोणीतरी तेल-काजळी फासून वय चढवले आहे. चोर एवढी सेवा सहसा करत नाही.

राधेश्यामराव आधी हसले. मग म्हणाले, सवयीने बोलून गेलो. मग म्हणाले, धंद्याच्या गडबडीत ध्यानात आलं न्हाई. त्यांच्याकडे बघून कोणी मान हलवत नाही हे दिसल्यावर त्यांचा चेहरा बदलला. दुखावलेपण गेले आणि वैताग आला, फाजील चौकशीने बेजार झालेल्या गिऱ्हाइकासारखा. जुने इंजिन आपल्या गोदामात आहे, हवे तर उद्या आणून ठेवतो, विषय संपवा, असे ते म्हणाले. अध्यक्षही लगबगीने म्हणाले, की हे सामोपचाराने मिटवता येईल.

बाईंनी पेनाचे टोपण लावले. अहवाल मधोमध फाडून अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला. मग तिसरा प्रश्न विचारला: इंजिन बदलले हे समजले, पण नाव नबीभाईंचेच का?

इतिवृत्तात राधेश्यामरावांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत आहे:

"इंजन मीच बदलून घेतलं. जुनं किक उलटी मारायचं, चार लोकांसमोर लाज जायची. आन् नबीचं नाव टाकलं, कारण दुसऱ्या कोणाचं टाकलं असतं तं तुम्ही लोकांनी शंभर सवाल इचारले असते. त्याचं टाकल्यावर एकानं बी इचारला न्हाई."