दलदलीवरची ओकची वाट

घरं हलवणं हा माझा धंदा. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात आमच्याकडे लोक घर सहसा पाडत नाहीत, उचलून दुसरीकडे नेतात. खाली पोलादी तुळया सारायच्या, जॅकनं घर वर घ्यायचं, बहुचाकी गाड्यावर बसवायचं आणि ट्रकनं ओढायचं. मी शाळा ओढल्यात, चर्च ओढलंय, एकदा दारूचं दुकान बाटल्यांसकट ओढलंय. पण ॲडेलाइड आजींचं घर डोक्यातून जात नाही. त्याला कारण डेल्फीन लाबूकन.

आजींचं घर स्प्रूस झाडाच्या ओंडक्यांचं, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं. नदी काठ खात खात अंगणापर्यंत आली होती. गावच्या पंचायतीनं ठरवलं, घर मागच्या उंचवट्यावर न्यायचं. अडचण मधल्या पट्ट्याची. घर आणि उंचवटा यांच्यामध्ये सगळी शेवाळाची दलदल. जमीन गोठलेली असताना काम उरकायचं होतं, पण त्या वर्षी थंडी लवकर सरली. बर्फ विरघळलं आणि वरून सतरंजीसारखी दिसणारी ती जमीन पावलागणिक हलायला लागली.

आता लाकडी मॅट अंथरल्याशिवाय इलाज नव्हता. जाड फळ्या एकावर एक रचून बोल्टांनी आवळलेल्या या मॅट म्हणजे आमच्याकडचा फिरता रस्ता. अंथरायच्या, वरून जड गाडी न्यायची, मग उचलून घ्यायच्या. वजन पसरतं, त्यामुळे गाडी बुडत नाही आणि खालची जमीनही फाटत नाही. एका पाइपलाइनचं काम संपलं होतं, तिथल्या मॅटचा मोठा ढीग पंचायतीला फुकट मिळाला. मी खूश झालो. डेल्फीन झाली नाही.

डेल्फीनचं मॅटचं आवार गावाबाहेर. वडिलांनी सुरू केलं, पुढे तिनं वाढवलं. पन्नाशीची, उंच, बोलायला कमी. आली ती हातात हातोडा घेऊन. प्रत्येक मॅटवर ती ठोके द्यायची आणि मान तिरकी करून ऐकायची. टणक आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की फळीच्या टोकाशी बसायची, चाकूचं टोक खुपसायची, वास घ्यायची आणि खडूनं फुली मारायची. ओकच्या बहुतेक पास झाल्या. मऊ फर लाकडाच्या निम्म्याहून जास्त बाद.

"बाई," मी म्हणालो, "मॅट निवडतेयस की जावई?"

"जावई वाईट निघाला तर परत पाठवता येतो," ती हातोडा न थांबवता म्हणाली.

फुलीच्या मॅट निदान कडेकडेनं तरी वापरू, असा मी हट्ट धरला. तिनं वाद घातला नाही. त्यातली एक दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि मला लोडर वर चढवायला सांगितला. पुढचं चाक टेकलं न टेकलं तोच मॅट मधोमध खचली. बाहेरून धडधाकट फळी, आतून तपकिरी भुसा. नुसत्या चिखलात पडून राहिल्यामुळे ओल आतपर्यंत शिरली होती. मी लोडर मागे घेतला आणि फुल्यांचा विषय सोडला.

उरलेल्या मॅटही तिनं लगेच वापरल्या नाहीत. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतल्या, फटींतला वाळका चिखल ब्रशनं काढला. दक्षिणेकडच्या शेतांतल्या काटेरी तणाचं बी त्या चिखलात असतं, ते इथे रुजलं तर कायमचं बसतं. मग एकेक बोल्ट आवळला.

एवढं होईपर्यंत आजींनी मनाशी वेगळीच गाठ मारून ठेवली होती. त्यांची मुलं लहान असताना तेल शोधणाऱ्यांची यंत्रं त्या दलदलीतून गेली होती. त्यांच्या चाकोऱ्यांत अजून काळं पाणी साचतं, तिथे काही उगवत नाही. दलदलीत आजींची औषधी झुडपं आणि क्रॅनबेरीच्या वेली. त्यांनी मला सरळ सांगितलं, घर नदीत गेलं तरी चालेल, पण या जमिनीवर चाक येणार नाही.

मी समजावण्याची तयारी करत होतो, तोवर डेल्फीन त्यांच्याजवळ गेली. "आजी, वाट तुम्ही दाखवा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथेच मॅट पडेल. जिथे नाही म्हणाल तिथे माझा पायही पडणार नाही."

आजींनी रबरी बूट चढवले, काठी घेतली आणि निघाल्या. इथे घट्ट आहे, इथे झरा आहे, ही झुडपं टाळ, असं करत त्यांनी जी वाट आखली ती नागमोडी होती. एवढं लांबलचक घर त्या वळणांवरून न्यायचं म्हणजे माझ्या कपाळाला घाम. पण शब्द दिलेला होता, आणि दिला होता डेल्फीननं. तो मोडायची माझी छाती नव्हती.

चांगल्या मॅट सगळ्या वाटेला पुरणाऱ्या नव्हत्या. म्हणून मागच्या उचलून पुढे टाकायच्या असं ठरलं. सकाळी निघालो. घर गोगलगायीसारखं सरकत होतं. डेल्फीन गाड्याच्या पुढे चालायची, मॅटच्या सांध्यांवर नजर ठेवायची, हाताच्या इशाऱ्यानं मला दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे घ्यायला लावायची. अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही छान आलो.

मग ऊन तापलं. मॅटच्या फटींतून पाणी वर यायला लागलं आणि गाडा मला किंचित डावीकडे घसरल्यासारखा वाटला. डेल्फीननं हात वर केला. गाडी थांबवून मी खाली उतरलो. तिच्या मते आता दुहेरी थर हवा होता, खालचा उभा, वरचा आडवा. तेवढ्या मॅट कुठून आणायच्या? माझी नजर फुल्यांच्या ढिगाकडे गेलेली तिला दिसली. ती आपल्या माणसांना बोलावून म्हणाली, "माझ्या आवारातल्या काढून आणा."

तिच्या वडिलांनी आवाराला फरशीसारख्या अंथरलेल्या त्या ओकच्या मॅट. दरवर्षी उलटायच्या, खालून वारा लागेल अशा बेतानं पुन्हा बसवायच्या, इतकी वर्षं जपलेल्या. त्यांच्याखाली नुसती चिकणमाती. त्या काढल्या की बर्फ वितळण्याच्या ऐन दिवसांत तिचं आवार म्हणजे चिखलाचं डबकं होणार, हे प्रत्येकाला कळत होतं.

"तुझे ट्रक रुततील," मी म्हटलं.

"माझे ट्रक रुतले तर मी ओढून काढीन. हे घर रुतलं तर कोण काढणार, तू?"

माणसं गेली. आम्ही दलदलीच्या मधोमध अडकून बसलो. थोड्या वेळानं धुराचा वास आला. बघतो तर घराच्या धुराड्यातून धूर निघतोय. आजी शिडी लावून आत गेल्या होत्या आणि त्यांनी चूल पेटवली होती. गाड्यावरच्या घरात विस्तव करायचा नसतो, हे मी खिडकीखालून ओरडून सांगितलं. त्यांनी खिडकीतूनच चहाचा मग माझ्या हातात ठेवला. "घर माझं आहे बाळा, तुझा फक्त गाडा आहे," त्या म्हणाल्या. मागून गरम बॅनक रोटी आली, लोणी लावलेली. सगळ्यांनी मॅटवर उभ्या उभ्या खाल्ली. डेल्फीननंही खाल्ली, पण तिचे डोळे सांध्यांवरच होते.

ओकच्या मॅट आल्या. धुतल्याशिवाय डेल्फीननं एकही घालू दिली नाही. दुसरा थर पडला, मी श्वास रोखून ट्रक गिअरमध्ये टाकला. खालून लाकूड करकरलं, पण दबलं नाही. शेवटच्या वळणावर घराचा कोपरा एका झुडपावरून गेला, फांदीही मोडली नाही. उजेड असतानाच घर उंचवट्यावर पोचलं. टाळ्या पडल्या. डेल्फीन टाळ्या ऐकायला थांबली नव्हती, मागचा सांधा बघायला गेली होती.

मॅट उन्हाळाभर तिथेच राहू द्याव्यात, पुढे उपयोगी पडतील, असं पंचायतीत निघालं. तिनं साफ नाही म्हटलं. खालचं शेवाळ उजेडाशिवाय मरतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं हलक्या यंत्रानं, मॅटवरूनच मागे सरकत, एकेक उचलायला सुरुवात केली. मी मदतीला गेलो होतो. मॅट निघाली की खाली चपटलेलं, फिकट शेवाळ दिसायचं. आजी गुडघ्यावर बसून त्यावर तळवा ठेवायच्या. शेवटची निघाली तोवर पहिल्या जागेवरचं शेवाळ पाणी पिऊन पुन्हा फुगलं होतं. आजींनी डेल्फीनच्या बाहीवरचा चिखल आपल्या रुमालानं पुसला.

तिचं आवार महिनाभर दलदलीपेक्षा वाईट होतं. ट्रक रुतला तेव्हा ओढायला मीच गेलो. तिथे ओकच्या त्या मॅट ठोकळ्यांवर रचलेल्या, मध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवलेल्या. चिखल सुकेपर्यंत त्या परत अंथरायच्या नाहीत, असा तिचा निश्चय. गिऱ्हाईक शिव्या देत गमबूट घालून येत होतं. असं वस्तूला माणसासारखं वागवणारं कोणी मी आधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात आजींचं दार घासतंय म्हणून निरोप आला. गेलो तर डेल्फीन टेबलाशी मूस हरणाच्या मटणाचं सूप पीत बसलेली. दार मी तासून दिलं. आजी म्हणाल्या, घर छान बसलंय, पण इथे नदी ऐकू येत नाही, झोप लागत नाही. डेल्फीननं वाडगा सारला आणि आजींचे रबरी बूट त्यांच्या पायांशी आणून ठेवले. दोघी काठाकडे निघाल्या, मीही मागे गेलो. घराची जुनी जागा नदीनं नेली होती. आजी कडेपासून थोड्या अलीकडे, डेल्फीनचा दंड धरून, पाण्याचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या.