धाकटीच्या कुंड्या

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीला काही वाटलं नव्हतं. ती थोरलीच्याच प्रयोगशाळेत नोकरीला आली, तेव्हा मात्र हिच्या पोटात दुखायला लागलं.

थोरलीनं उभी हयात मातीतल्या जिवाणूंमागे घातली होती. मुळांशी राहून रोपाला खाऊपिऊ घालणारे, भारी गुणी जिवाणू. पण साहेबांनी कधी वाकून बघितलं असेल तर शपथ! आणि ही काल आलेली पोरगी डोळ्यांना न दिसणारे जस्ताचे कण पाण्यात ढवळून रोपांना घालते काय, 'नॅनो, नॅनो' करते काय, नि साहेब चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी उभे! शेतातल्या चाचणीला एकच प्रयोग जाणार होता. कुणाचा, ते सांगायला ज्योतिषी नको होता. घरीही तेच. सासूबाई म्हणायच्या, "धाकटी हुशार हो!" जशी काही थोरली ढ.

एका दुपारी धाकटी जेवायला गेली नि थोरलीची बुद्धी फिरली. आपल्या जिवाणूंचं बाटलीभर पाणी तिनं धाकटीच्या टोमॅटोच्या रोपांना घातलं. दुसऱ्याचं काही मिसळलं की प्रयोग बाद. बस म्हणावं आता रडत.

रडतेय कसली! रोपं अशी तरारली, की बाकीच्या कुंड्या त्यांच्यापुढे आजारी दिसायला लागल्या. ही करामत ना नुसत्या जस्ताची, ना नुसत्या जिवाणूंची. दोघांनी मिळून केली होती. बोलावं तर केलेलं उघडं पडणार, गप्प बसावं तर सगळं श्रेय धाकटीला. थोरलीला अन्न गोड लागेना.

शेवटी साहेबांनी सगळ्यांना कुंड्यांपाशी बोलावलं. "हे जमलं कसं?"

"मी मुळाजवळची माती तपासली, सर," धाकटी म्हणाली. थोरली हळूच दाराकडे सरकली.

"त्यात ताईंचे जिवाणू आहेत. आमचं दोघींचं घरीच ठरलं होतं, तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहिलं. ताईंचं नाव आधी घाला."

"मग हाच प्रयोग शेतात जाणार!" साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोरलीच्या टेबलाशी आले.

जिन्यात थोरलीनं तिला गाठलं. "खोटं का बोललीस गं?"

"घरी एकाच ओट्याशी उभं राहायचंय ना ताई, आपल्याला," धाकटी म्हणाली नि खाली उतरून गेली.

थोरली कठड्याला धरून उभी राहिली. हुशार होती मेली, तोवर निदान राग तरी करता येत होता. आता चांगलीही निघाली!