डाव्या कानामागचे केस

मेंदूतली गाठ निघाली, जीव वाचला. पण डावीकडची अर्धी दुनिया सलूनवाल्याच्या लक्षातून पार निसटली. डोळे धडधाकट होते. तरी ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राही आणि वर हाच बायकोला विचारी, "आज एवढंच वाढलंस?"

व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्ट ताईंनी निक्षून सांगितलं होतं, "काका, राहिलेली बाजू कुणी न सांगता तुमची तुम्हाला सापडेल, त्या दिवशी दुकान उघडा. तोवर गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावायचा नाही."

तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे! दोन दिवस त्यानं तोंड फुगवलं. मग बायकोच बंद दुकानातल्या खुर्चीत जाऊन बसली. "कापा माझे."

सुरुवात उजव्या कानापासून, ही त्याची जन्माची सवय. ऐटही तीच. मानेवरचे केस झटकून तो म्हणाला, "झालं! बघ कशी दिसतेस."

आरशात उजवीकडचे केस कानाशी होते, डावीकडचे खांद्यावर. तिनं पिशवी उचलली आणि तशीच भाजी आणायला गेली.

तिला वाटेत पाहिलेली शेजारीण दुकानाच्या दारातूनच फिदीफिदी हसली. "अहो, वहिनींचे अर्धेच कापलेत की!"

बायको परतली तेव्हा तो कात्री कपाटात कोंबत होता. "संपलं माझं. गावभर तुझं हसं केलं मी."

"केस काय, वाढतात," ती म्हणाली. हसं तिला झोंबलं नव्हतं असं नाही. पण याची कात्री सुटली तर हा मनानं पुन्हा उभा राहायचा नाही, या भीतीपुढे ते काहीच नव्हतं. "रविवारी पुन्हा बसते."

ताईंनी खुर्चीच्या डाव्या हाताला लाल फडकं बांधलं. आधी मान वळवून ते शोधायचं, मग डाव्या कानापासून कापायचं.

"उलटं कापू?" तो करवादला. पण कापलं. हात जुन्या वळणानं उजवीकडे पळे, तो चरफडत मागे आणी. रविवारमागून रविवार गेले आणि बायकोच्या डोक्यावर बोटभर केस उरले.

पाचव्या महिन्यात ताईंनी फडकं सोडलं. त्या रविवारी कात्री थांबली तशी बायको अंगावरचं कापड काढून उठू लागली.

"बस खाली!" तो खेकसला. "डाव्या कानामागे राहिलंय."

ती मटकन बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"अगं, मान हलते," तो म्हणाला. "उद्या दुकान उघडायचंय. बायकोचंच डोकं असं दिसलं, तर गिऱ्हाईक बसेल का माझ्यापुढे?"