शांततेचा आकडा

त्याने खोक्याची झाकणं दाबून धरली आणि मुलीने वरून चिकटपट्टी ओढली. अभ्यासाच्या खोलीतली शेवटची पुस्तकं होती ती.

“हा जुना कंप्युटर ठेवायचा का, बाबा?”

“तुला योग्य वाटेल तसं.”

“नाही, तुम्ही म्हणाल तसं.”

बायको गेल्यापासून दोघं असंच बोलत होती. एकदाही कुणाचा आवाज चढला नव्हता. आज संध्याकाळच्या विमानाने मुलगी परदेशातल्या नोकरीवर निघाली होती. कायमची.

त्या कंप्युटरपाशी नवरा-बायकोने उमेदीची वर्षं घालवली होती. कोणते दोन देश कधी एकमेकांवर उठतील, हे गणिताने आधी सांगता येतं का, हे शोधायचं त्यांचं विद्यापीठातलं काम. समीकरणं त्याची, वर्तमानपत्रं तिची. चहा गार होईपर्यंत ती पुढाऱ्यांची वक्तव्यं वाचायची आणि एकेकाला आकडा द्यायची. ते आकडे समीकरणात घातले की पडद्यावरची धोक्याची रेघ वर-खाली व्हायची.

एकदा त्याने पाहिलं, तर तिने शिवीगाळीला किरकोळ आकडा दिला होता आणि एका गोड निवेदनाला भला मोठा.

“अगं, उलटं झालंय हे.”

“काही उलटं नाही. भांडतायत ना अजून? मग घोर नाही. कालपर्यंत उणीदुणी काढणारे आज ‘आपल्या सोयीने’ म्हणायला लागले, की समजायचं, एकमेकांची आशा सोडली.”

“हे गणितात कसं बसवू मी?”

“ते तुम्ही बघा. पगार कशाचा घेता?”

त्याने कुरकुरत बसवलं. त्यांचं गणित पुढे पुष्कळदा तोंडावर आपटलं, पण या एका बाबतीत नाही. घरी बापलेकीची रोज जुंपायची, तेव्हा ती वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायची, “चालू द्या. तब्येत छान आहे घराची.”

“फोन करत जाईन,” मुलगी म्हणाली. “तुम्हाला त्रास होणार नाही अशा वेळी.”

“तुझ्या सोयीने,” तो म्हणाला, आणि झाकणावरचा त्याचा हात तिथेच थांबला.

त्याने खोकं जरा हलवून पाहिलं. मग म्हणाला, “जड पुस्तकं वर आणि हलकी खाली? एवढं शिकलीस, पण खोकं भरायची अक्कल नाही.”

मुलीचे कान लाल झाले.

“मग तुम्ही भरायचं होतं! आई गेल्यापासून एक कपाट तरी उघडलंत? तिचे कपडेसुद्धा मीच आवरले, एकटीने. आणि तुमचं आपलं ‘तुला योग्य वाटेल तसं’!”

“तू तरी कुठे काय विचारलंस? नोकरीचं नुसतं कळवलंस. मी काय तुझा साहेब आहे?”

“विचारलं असतं तर ‘जा’च म्हणाला असतात!”

“नसतो म्हणालो!”

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मुलीने खिडकी उघडली आणि “थांबा हो जरा!” म्हणून अशी ओरडली, की समोरच्या घरातल्या बाई बाहेर डोकावल्या. खिडकी तशीच उघडी टाकून ती त्याच्यासमोरच्या खोक्यावर येऊन बसली.

“काय म्हणालात? पुन्हा म्हणा.”